शरीराने कधीच न पाहिलेला जंतू प्रतिकारशक्ती ओळखते तरी कशी?

त्याला ओळखणारी पेशी बहुतेक वेळा जंतू येण्याआधीच शरीरात तयार असते! बी आणि टी पेशी (प्रतिकारशक्तीच्या दोन प्रकारच्या पांढऱ्या पेशी) घडताना त्यांच्या रिसेप्टरच्या, म्हणजे जंतू ओळखणाऱ्या पृष्ठभागावरच्या प्रथिनाच्या, जनुकांचे तुकडे अगदी रँडम पद्धतीने जोडले जातात. त्यामुळे रिसेप्टरचे कोट्यवधी प्रकार तयार होतात. (बी पेशींतली ही जुळणी उलगडल्याबद्दल सुसुमु टोनेगावा यांना १९८७ चं नोबेल मिळालं.) नवा जंतू आला, की ज्या मोजक्या पेशींचा रिसेप्टर त्याच्याशी जुळतो त्याच भराभर विभागू लागतात. मग बी पेशींनी बनवलेली प्रतिपिंडं (अँटिबॉडी) जंतूला चिकटून त्याला निकामी करतात, तर मारक टी पेशी संसर्ग झालेल्या पेशीच नष्ट करतात.

पण याला साधारण आठवडा लागतो. तोवर खिंड लढवतात त्या भक्षक पेशी. त्यांना नेमका जंतू कोणता याच्याशी देणंघेणं नसतं. जिवाणूच्या भित्तिकेतले घटक, म्हणजे आपल्या पेशींत नसलेल्या खुणा दिसल्या की त्या गिळायला धावतात. सूज, ताप त्यातूनच येतात.

रँडम जुळणीत आपल्याच शरीरावर उलटणाऱ्या पेशीही बनतात. म्हणून टी पेशींची छातीतल्या थायमस ग्रंथीत कडक परीक्षा होते आणि बहुसंख्य पेशी तिथेच बाद होतात. मला तरी हा भाग सगळ्यात थक्क करणारा वाटतो.