धूपदाणी बॅगेत भरण्याआधी

प्रश्न : माहेरच्या देवघरात चिनी मातीची, पांढऱ्यावर निळी नक्षी असलेली तीन पायांची धूपदाणी आहे. पणजोबांनी ती मुंबईत एका पारशी कुटुंबाकडून घेतल्याची 1911 सालची नोंद त्यांच्या वहीत आहे. बुडाला चिनी अक्षरं आहेत. सिंगापूरला राहणाऱ्या मुलीला ती द्यायची आहे. भाऊ म्हणतो, "चीनची वस्तू, आपल्या कायद्याला तिचं काय? शोभेची वस्तू म्हणून सांग आणि घेऊन जा." नेऊ का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : ताई, नेऊ नका. पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, 1972 हा वस्तू कुठे घडली हे विचारत नाही, तिचं वय विचारतो. शंभर वर्षं उलटलेली कलेची किंवा ऐतिहासिक मोलाची वस्तू पुरावशेष ठरू शकते. मग ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. विक्रीसाठी नाही, लेकीला भेट आहे, ही सबबही चालत नाही. शिक्षा किमान सहा महिने, कमाल तीन वर्षं कैद, शिवाय दंड. भावाने सुचवलेली थाप त्यात भर घालेल.

बुडाच्या अक्षरांवर फार विसंबू नका. कांगशी बादशहाचा (1662 ते 1722) शिक्का एकोणिसाव्या शतकातल्या भांड्यांवरही सर्रास मारलेला आढळतो. तुमच्या बाबतीत खरा पुरावा ती वही. गंमत अशी, की जी नोंद दाखवून उद्या तुम्ही चांगली किंमत मागाल, तीच विमानतळावर तुमची वाट अडवेल. म्हणून वहीतलं ते पान फाडून टाकावं असं कुणी सुचवलं, तर त्याचं ऐकू नका.

वयाबद्दल मतभेद असेल, तर निर्णय भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा. वस्तू पुरावशेष नाही असा दाखला तिथून मिळतो. तो हाती आला तरच बॅग भरा. वही पाहता मला तशी आशा कमी वाटते.

मालकी मात्र मुलीला देता येईल. आई, भाऊ आणि इतर वारस असतील त्यांची लेखी संमती घ्या, नोंदणीकृत बक्षीसपत्र करा आणि धूपदाणी नाशकातच राहू द्या. सर्व बाजूंचे, बुडाचे आणि वहीतल्या त्या पानाचे फोटो बक्षीसपत्राला जोडा. आणि हो, आतली काजळी चिंचेने घासू नका.