लॉगिन होतं, पण पुढच्या पानावर सेशन (सर्व्हरने त्या वापरकर्त्यासाठी लक्षात ठेवलेली माहिती) रिकामं?

कोडला हात लावायच्या आधी ब्राउझरची डेव्हलपर टूल्स उघड आणि दोन्ही पानांवरचा सेशन आयडी ताडून बघ. तो बदलत असेल तर सर्व्हरवरचा डेटा बहुधा शाबूत आहे, तो आयडी ब्राउझरमध्ये जपणारी छोटी नोंद, म्हणजे कुकीच, परत येत नाहीये. मग डोमेन तपास: लॉगिन डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह आणि पुढचं पान त्याशिवाय, इथे बरेच जण फसतात. 'सिक्युअर' हा पर्याय लावलेली कुकी साध्या एचटीटीपीवर जात नाही. पेमेंटहून परतल्यावरच सेशन जात असेल तर कुकीचं सेमसाइट सेटिंग बघ, दुसऱ्या साइटवरून येताना कुकी पाठवायची की नाही ते हेच ठरवतं. ते 'लॅक्स' असेल तर कुकी दुसऱ्या साइटवरून पोस्टने (फॉर्म पाठवायची पद्धत) आलेल्या विनंतीसोबत येत नाही. यात माझे दोन दिवस गेले होते, आणि मी शिव्या घालत होतो डेटाबेसला!

आयडी तोच असून सेशनमध्ये ठेवलेलं व्हेरिएबल गायब? पीएचपीत त्या पानावर सेशन सुरू करायचंच राहिलंय का बघ. थोडा वेळ थांबल्यावरच जात असेल तर मुदत तपास, पीएचपीचं मूळ सेटिंग १४४० सेकंदांचं, म्हणजे २४ मिनिटांचं असतं. आणि कधी चालतं, कधी नाही, असं असेल तर विचार, सर्व्हर किती आहेत? एकाहून जास्त असतील तर सेशन फाइलींत ठेवू नकोस, एका सर्व्हरवरची फाइल दुसऱ्याला दिसत नाही; रेडिससारख्या (मेमरीत डेटा ठेवणारा डेटाबेस) सामायिक जागी हलव.