चार आणि सहा वर्षांच्या पोरांना घेऊन पानाफुलांची कला कशी करायची?

तुम्ही विचारलंय की ४ आणि ६ वर्षांची दोन मुलं आहेत, फ्लॅटमध्ये राहतो, नवरा-बायको दोघंही नोकरीवाले, तर पानं-फुलं-दगड घेऊन मुलांबरोबर बाहेर काहीतरी करायचंय, सुरुवात कुठून करू आणि सामान काय आणू. सामानाचं सोपं आहे. एक जुनी कापडी पिशवी, तीही रिकामी. बास.

मी पुण्यात राहतो, कोथरूडच्या बाजूला. मुलगी आता ७ ची, मुलगा ४ चा. माझी चित्रकला म्हणाल तर एलिमेंटरीला कशीबशी सी ग्रेड मिळाली आणि इंटरमीजिएटच्या नादाला लागलोच नाही, त्यामुळे खालचं सगळं पोरांच्या मागे फिरून शिकलेलं आहे एवढं धरून चाला.

पहिल्यांदा मी माती खाल्ली ती अशी. मोबाईलवर पानांचा एक मस्त मोर बघितला, रविवारी सकाळी मुलीला घेऊन खाली गेलो, पानं साईजप्रमाणे लावून घेतली, तिला म्हणलं तू ही इथं ठेव, नाही नाही तिथं नको, इथं, अर्धा तास हेच चाललेलं. शेवटी ती म्हणाली, "बाबा, तुझा मोर झाला ना? मग आता मी खेळू?" आणि कडेला बसून तिनं गुलमोहराच्या बारक्या बारक्या पानांचा चुरा एका खड्ड्यात भरला आणि त्याला भात म्हणाली. तेव्हापासून मी मोर सोडला. आता खाली गेलं की मी कट्ट्यावर बसतो आणि तोंड बंद ठेवतो, जे सगळ्यात अवघड काम आहे बरं का. "हे काय आहे?" असंही विचारत नाही, कारण विचारलं की ती पोरं आपल्याला आवडेल असं काहीतरी ठोकून देतात. फार तर "अजून पिवळी पानं तिकडे पडलीयत" एवढं बोलतो.

वेळेचं म्हणाल तर वेगळा वेळ काढूच नका. आमचं सगळं स्कूलबसच्या आधीच्या १५ मिनिटांत आणि संध्याकाळी दूध आणायला जाताना होतं. जागा मात्र रोज तीच ठेवा. एकाच झाडाखाली रोज गेलं की काल काय नव्हतं आणि आज काय पडलंय हे मुलांना दिसायला लागतं, आणि मग काय करायचं हे तुम्हाला सुचवावं लागत नाही. चार वर्षांचं पोर रांगाच लावेल, दगड-पान-दगड-पान, आणि मग लाथ मारून मोडेल. मोडू दे. सहावालं मात्र गोल, नक्षी, रांगोळीसारखं करायला बघतं आणि धाकट्यानं मोडलं की युद्ध, त्यामुळे दोघांच्या जागा मध्ये पाच पावलं सोडून ठेवा.

आमच्याकडे पहिलं रडणं झालं ते झाडणाऱ्या मावशींवरून. मुलीनं संध्याकाळी बहाव्याच्या पाकळ्यांचा मोठा गोल केला होता, सकाळी बघतो तर साफ. बाई रडून रडून बसमध्ये चढेना. मावशींची काय चूक, त्यांचं कामच ते. पण दुसऱ्या दिवशी मावशींनीच झाडलेल्या पाकळ्यांचा ढीग कोपऱ्यात राखून ठेवला, "घे गं, आज मोठा कर" म्हणाल्या, आणि आता तर त्यांची पार्टनरशिप आहे. तेव्हापासून नियम असा की झालं की एक फोटो आणि वस्तू तिथंच सोडायची. अँडी गोल्ड्सवर्दी म्हणून एक ब्रिटिश कलाकार आहे, तो पानं, काटे, दगड, बर्फ असलंच घेऊन काम करतो आणि वितळून-उडून जाणारं असेल त्याचा फोटो काढून ठेवतो. मुलीला त्याचे फोटो दाखवले तर म्हणाली, त्याच्याकडे पण मावशी येतात वाटतं.

आता खरी मजा कशात आहे ते सांगतो, म्हणजे झाडांत. सागाचं कोवळं पान मिळालं तर तळहातावर चोळायला द्या, हात लालभडक होतो, आमचा धाकटा आधी घाबरला आणि मग सगळ्या बिल्डिंगला "रक्त" दाखवत फिरला. (तोडायचं नाही हा आमचा नियम आहे पण सागाच्या एका पानाला सूट दिलीय, खोटं कशाला बोलू.) कंपाउंडवर गोकर्णीचा वेल असेल तर पडलेली निळी फुलं कोमट पाण्यात टाका, निळं पाणी होतं, त्यात लिंबू पिळलं की जांभळं-गुलाबी होतं, ब्रशनं कागदावर लावा, लिंबाच्या थेंबाची नक्षी आपोआप उठते. पारिजातकाचे केशरी देठ पाण्यात भिजवले की पिवळा-केशरी रंग सुटतो, पूर्वी त्यानं कापडसुद्धा रंगवायचे. टेकडीवर गेलात तर तांबडा मुरूम दगडावर थोड्या पाण्यात घासा, झाला गेरूसारखा रंग, आणि ब्रश म्हणून काडीचं टोक चावून घ्यायचं. वारली चित्रं काढणारे बांबूची काडी अशीच चावून वापरतात, फक्त त्यांचा रंग तांदळाच्या पिठाचा, पांढरा. काडी कडुनिंबाची घ्या, कुठलीही उचलून तोंडात नको.

बुचाचं झाड जवळ असेल तर तुम्ही नशीबवान. दिवाळीच्या आसपास सकाळी रस्त्यावर पांढऱ्या फुलांचा सडा असतो, लांब दांड्याची फुलं, आणि त्या दांड्या एकमेकांत गुंफत गेलं की दोरा न लागता वेणी तयार होते. माझी आई करायची, मला कधी जमली नाही, मुलीला तिनं व्हिडिओ कॉलवर शिकवायचा प्रयत्न केला ते काही झालं नाही, मग आई साताऱ्याहून आली तेव्हा दोघी खाली बसल्या आणि दोन सकाळींत जमलं. आईनंच पळसाच्या पानाला काडी टोचून द्रोण करायला शिकवलं, आता सगळ्या कलाकृतींची वाहतूक द्रोणातून होते. म्हणजे घरात कुणी गावाकडचं मोठं माणूस असेल तर आधी त्यांना विचारा, त्यांच्याकडे आपल्यापेक्षा जास्त माल असतो. आंब्याच्या पानाची पिपाणी, झावळीचं भिरभिरं, हे कला या सदरात येतं का माहीत नाही पण मुलांना त्यानं फरक पडत नाही.

पिंपळाच्या पानाची जाळी पण करून बघा. बादलीत पाणी, त्यात पानं, दोन-तीन आठवडे विसरून जायचं, अधेमधे पाणी बदलायचं, मग जुन्या टूथब्रशनं हळू घासलं की हिरवं निघून जाळी उरते. वास मारतो, भयंकर मारतो. आमच्या बाल्कनीवरून घरात जे बोलणं झालं ते इथं लिहीत नाही, तुम्ही गच्चीवर ठेवा.

काळजीचं थोडं सिरियसली घ्या. कण्हेर, लाल असो की पिवळी, विषारी आहे, पिवळ्या कण्हेरीच्या बिया आपण लहानपणी खेळायचो पण तोंडात घालणारं पोर असेल तर लांबच ठेवा. गुंजा दिसायला इतक्या सुंदर की कुणीही उचलेल, त्या सुद्धा विषारी, त्या मी सरळ काढून घेतो. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते. गाजर गवतानं बऱ्याच जणांच्या अंगाला पुरळ येतं. पावसाळ्यात केसाळ सुरवंट असतात, पानाची खालची बाजू बघूनच उचलायचं, आणि टेकडीवर दगड हातानं उलटायचा नाही, आधी काठीनं हलवायचा, खाली विंचू असू शकतो. उचललेला दगड होता तसा परत ठेवायचा, कारण ते कुणाचं तरी घर असतं, हे मात्र माझ्या मुलांना न सांगता पटलं.

आणि बाहेर जायला जमतच नाही असा आठवडा येतोच, तेव्हा पिशवीतला माल ताटात ओता आणि ताटातच मांडू द्या, किंवा पान पालथं ठेवून म्हणजे शिरा वर येतील असं, त्यावर कागद आणि खडू आडवा धरून घासा. पाच मिनिटांत होतं आणि कुकरच्या तीन शिट्ट्यांत बसतं.

बाकी मातीकाम मी मुद्दाम शेवटी ठेवलंय कारण त्यावर वेगळं उत्तर होईल. पोळ्याला मातीचे बैल करा, वाकडे होतात, एकाची शिंगं दुसऱ्याला लागतात, चालतं. आणि दिवाळीत किल्ला कराच, विटा, पोतं, वरून चिखल, आणि हळीव किंवा मोहरी पेरली की चार-पाच दिवसांत डोंगर हिरवा. चार वर्षांच्या पोराला फक्त चिखल कालवायला आणि पाणी शिंपडायला द्या, तो खूष. फक्त लाल मातीची सोय आत्ताच करून ठेवा, नर्सरीवाल्याला सांगून ठेवलं तर पोतंभर देतो, ऐन वसुबारसेला गेलात तर संपलेली असते आणि मग कुंड्यांमधली उपसावी लागते, आमच्याकडे दोन वर्षं तुळशीनं ते सोसलंय.