लाल की निळे? मोटारसायकलच्या बोल्टांसाठी थ्रेडलॉकर कसे निवडावे

आपल्या एकसिलिंडर मोटारसायकलचे साडीगार्डाचे, आरशाचे आणि मागच्या स्प्रॉकेटचे (चेनच्या दातेरी चाकाचे) बोल्ट वारंवार ढिले होतात, गॅरेजवाल्याने सगळीकडे ‘लाल लॉकटाइट’ (लॉकटाइट या कंपनीचे लाल थ्रेडलॉकर) लावायला सांगितले आहे, आणि घरात निळ्या द्रवाची एक जुनी, अर्धी बाटली आहे. ती चालेल का, असे आपण विचारले आहे. सगळीकडे लाल लावू नये, एवढे आधीच सांगतो. आपण वर्णन केलेल्या कामांपैकी एकालाही त्याची गरज नाही.

थ्रेडलॉकर म्हणजे बोल्ट ढिला होऊ नये म्हणून त्याच्या आट्यांत लावायचा द्रव; तो नेहमीच्या अर्थाने वाळणारा गोंद नव्हे. अमेरिकेत हार्टफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या व्हर्नन क्रीबल यांनी १९५३ मध्ये विकसित केलेले हे रसायन हवेच्या संपर्कात पातळच राहते; आट्यांच्या फटीत हवा संपली आणि धातूचा स्पर्श मिळाला की ते घट्ट होऊन प्लास्टिकसारखे बनते. म्हणूनच त्याची नवी बाटलीही कधी काठोकाठ भरलेली नसते, कारण आतल्या हवेमुळेच ते टिकून राहते. धातूचा हा वाटा महत्त्वाचा आहे. साध्या पोलादावर किंवा पितळेवर ते लवकर धरते. स्टेनलेस स्टील, जस्ताचा मुलामा आणि ॲनोडाइझ केलेले ॲल्युमिनियम यांवर मात्र सावकाश. हौसेने बसवलेल्या स्टेनलेस बोल्टांवर ‘लावले पण धरलेच नाही’ अशी तक्रार येते, तिचे कारण बहुधा हेच असते. अशा ठिकाणी ॲक्टिव्हेटरचा, म्हणजे ते लवकर धरायला लावणाऱ्या द्रवाचा, फवारा आधी मारावा, किंवा निदान पूर्ण चोवीस तास गाडी हलवू नये.

आता रंगाविषयी. लॉकटाइटच्या मालिकेत जांभळे (२२२) कमी ताकदीचे, निळे (२४२, २४३) मध्यम, लाल (२७१) जास्त ताकदीचे आणि हिरवे (२९०) आधीच आवळलेल्या बोल्टच्या आट्यांत झिरपणारे, अशी विभागणी आहे. पण ही रंगसंगती सर्व कंपन्यांना बंधनकारक नाही. त्यात भर म्हणजे लॉकटाइटच्या बाटल्या आतला द्रव कोणताही असला तरी बहुतेक लालच दिसतात, त्यामुळे दुकानात ‘लाल द्या’ म्हटल्यावर हातात काय येईल याची खात्री नसते. क्रमांक सांगून मागावे, आणि दुसऱ्या कंपनीचे घेतल्यास वेष्टनावर ताकद आणि बोल्टचा व्यास वाचून घ्यावा.

निवड करताना बोल्टची जाडी आणि तो पुन्हा कसा उघडणार, या दोन गोष्टी पाहाव्यात. मध्यम ताकदीचे थ्रेडलॉकर लावलेला बोल्ट साध्या पान्याने सुटतो, आणि एकदा ‘कट्’ आवाज करून हलला की पुढे फारसा विरोध करत नाही. जास्त ताकदीचे मात्र शेवटच्या आट्यापर्यंत झगडत राहते, आणि ते सोडवायचे तर बोल्ट साधारण २५० अंश सेल्सियसपर्यंत तापवून गरम असतानाच फिरवावा लागतो. सहा मिलिमीटरच्या ॲलन बोल्टला लाल लावल्यास तो सुटण्याआधी त्याच्या डोक्यातला षटकोन गोल होतो, आणि मग ड्रिल करण्यावाचून मार्ग उरत नाही. ब्रेकच्या डिस्कजवळ किंवा चाकाच्या बेअरिंगपाशी एवढी उष्णता देणे म्हणजे सील आणि ग्रीस यांची वाट लावणे होय. तेथे आधीच कोणी लाल लावून ठेवले असेल, तर ब्लोटॉर्चऐवजी मोठ्या सोल्डरिंग आयर्नचे टोक बोल्टच्या डोक्यात धरून फक्त तेवढाच भाग तापवावा. लाल खरोखर लागते ते जाड, क्वचितच उघडल्या जाणाऱ्या सांध्यांना, आणि तेही सर्व्हिस मॅन्युअलने सांगितले असेल तर.

आपल्या साडीगार्डाला निळे २४३ पुरेसे आहे. २४२ पेक्षा हे मी सुचवतो, कारण आट्यांत तेलाचा किंचित अंश राहिला तरी ते चालवून घेते, आणि आपल्याकडच्या गॅरेजमध्ये सर्व काही रॉकेलने धुतले जात असल्याने तो अंश राहतोच. आरशाला काहीही लावू नये. त्याच्या तळाशी लॉकनट असतो, तो नीट आवळावा. शिवाय हा द्रव एबीएस आणि पॉलिकार्बोनेटसारख्या प्लास्टिकवर ओघळला तर त्याला तडे जाऊ शकतात, त्यामुळे फेअरिंग, दिव्याची काच आणि स्विचचे घर यांपासून तो दूरच ठेवावा.

स्प्रॉकेटची गोष्ट वेगळी आहे आणि तिचीच मला अधिक काळजी वाटते. गेरहार्ड युंकर यांनी १९६९ मध्ये प्रयोगांनी दाखवून दिले की बोल्टला आडवे हेलकावे बसले, म्हणजे जोडलेले भाग एकमेकांवर सरकू लागले, की आट्यांमधले घर्षण निकामी होते आणि बोल्ट आपोआप उलटा फिरतो. स्प्रॉकेटवर चेनचा ताण नेमका असाच आडवा येतो. तेथे भाग सरकू न देणारी गोष्ट म्हणजे बोल्टचा पुरेसा ताण. थ्रेडलॉकर हा त्याचा साथीदार आहे, पर्याय नव्हे. तेव्हा आधी भोके लांबट झाली आहेत का, हबमधली रबरे बसली आहेत का, स्टडचे आटे ताणले गेले आहेत का हे तपासावे, आणि नट टॉर्क पान्याने (किती जोराने आवळले ते दाखवणाऱ्या पान्याने) मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळावेत. नायलॉक नट (आत नायलॉनचे कडे असलेला) असल्यास तो जुना काढून नवा घालावा. दुमडायची पत्र्याची वॉशर असल्यास तीही नवी घ्यावी. मॅन्युअलने थ्रेडलॉकर सांगितले असेल तर निळेच लावावे.

लावण्यापूर्वी जुना पांढुरका चुरा वायर ब्रशने काढून आटे ब्रेक क्लीनरने किंवा ॲसिटोनने पुसावेत. भोक आरपार असेल तर बोल्टच्या ज्या आट्यांवर नट बसणार तेथे थेंब द्यावेत. भोक बंद असेल तर थेंब भोकाच्या तळाशी टाकावेत, नाहीतर बोल्ट आत जाताना दबलेली हवा द्रवाला बाहेर ढकलते. सायलेन्सरच्या इंजिनाकडच्या टोकाला, स्पार्क प्लगला आणि तेलाच्या ड्रेन बोल्टला यांतले काहीही लावू नये.

राहिली आपली जुनी बाटली. तिच्यावरची मुदत पाहावी, आणि द्रवात गुठळ्या झाल्या असतील तर टाकून द्यावी. तसे नसल्यास एका साध्या, मुलामा नसलेल्या पोलादी नट-बोल्टवर दोन थेंब देऊन, हलकेच फिरवून रात्रभर ठेवावे. सकाळी नट हाताने फिरला तर नवी बाटली घ्यावी. पाना लावावा लागला तर ती साडीगार्डासाठी खुशाल वापरावी.