डबा साडेसहा हजारांचा, मग बाकीचे पैसे कशाचे?

प्रश्न: ताई, कर्वेनगरला आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे, तिसरा मजला, इमारत 1986 सालची. पॅसेजमध्ये लाकडी बोर्ड आहे. त्यावर लोखंडी मेन स्विच आणि चिनी मातीचे सहा किटकॅट फ्यूज. राहायला आलो तेव्हा पंखे, ट्यूबलाइट, फ्रीज आणि एक गीझर एवढंच होतं. आता दोन एसी, इंडक्शन, वॉशिंग मशीन, मायक्रोवेव्ह असं सगळं आलंय. मध्यंतरी एक किटकॅट काळा पडला म्हणून तिघांकडून अंदाज घेतला. एकाने 6,500 रुपये सांगितले, दुसऱ्याने 28,000 आणि तिसऱ्याने 85,000. तिन्ही कागद सोबत जोडतोय. मेहुणे म्हणतात, थ्री फेज (म्हणजे एकाऐवजी तीन जिवंत तारांची जोडणी) घेतल्याशिवाय यातल्या कशाचाच उपयोग नाही. यात फसवतंय कोण?
– एक निवृत्त वाचक, कर्वेनगर

उत्तर: काका, कागद पाहिले. फसवत कुणीच नाहीये. तिघांनी तीन वेगळी कामं धरलीत आणि वर मात्र तिघांनीही ‘डीबी बदलणे’ (डीबी म्हणजे सगळ्या लाइनींच्या स्विचांचा डबा) एवढंच लिहिलंय. आमच्या धंद्यातली ही जुनी खोड आहे. डबा सगळ्यांना दिसतो, म्हणून भाव डब्याचा सांगायचा. पण खर्च असतो तो डब्यात येणाऱ्या आणि डब्यातून जाणाऱ्या वायरींचा.

6,500 वाला काय करणार? लाकडी बोर्ड काढून आठ एमसीबींच्या (जास्त करंट गेला की आपोआप पडणाऱ्या स्विचांच्या) जागेचा पत्र्याचा डबा लावणार, त्यात डबल पोल आयसोलेटर (सगळ्या घराचा मेन स्विच) आणि सहा एमसीबी. एक एमसीबी साधारण 150 ते 300 रुपयांना येते, डबा हजार-दीड हजाराला, उरलेली त्याची मजुरी. भाव वाजवी आहे. जुन्या वायरी तशाच राहतील आणि आरसीसीबी, म्हणजे शॉकपासून माणसाला वाचवणारा स्विच, यात नाही.

हे काम अगदीच वाया जाईल असंही नाही. किटकॅट गेला हाच मोठा फायदा. रात्री फ्यूज उडाला की वायरीतली एखादी जाड तार सोलून गुंडाळायची, हा उद्योग पुण्यातल्या घरोघरच्या ‘हुशार’ माणसाने कधी ना कधी केलेला असतो. मग फ्यूज उडायचा थांबतो आणि भिंतीतली वायर तापायला लागते. दुसरं, तुमच्या लोखंडी मेन स्विचच्या आत बहुधा दोन फ्यूज असतील, एक फेजला (वीज आणणारी जिवंत तार) आणि एक न्यूट्रलला (ती परत नेणारी). त्या काळी तसंच बसवायचे. न्यूट्रलचा फ्यूज आधी उडाला तर दिवे जातात, पण प्रत्येक होल्डरमध्ये, प्रत्येक पिनमध्ये फेज जिवंतच असतो. वीज गेली असं समजून माणूस स्टुलावर चढतो. डबल पोल आयसोलेटर दोन्ही तारा एकदम तोडतो.

पण एमसीबी वाचवते ती वायरीला. माणसाला वाचवते आरसीसीबी. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट ती सतत ताडून पाहते, आणि 30 मिलिअँपिअरएवढा फरक पडला की क्षणात सप्लाय तोडते. ओल्या हाताने गीझरला हात लागला तर तुमच्या अंगातून जाणारा करंट एमसीबीच्या दृष्टीने काहीच नसतो, ती ढिम्म हलत नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2023च्या सुरक्षा विनियमांतही 2 किलोवॅटच्या वरच्या जोडणीला असं संरक्षण मागितलेलं आहे, आणि तुमचं घर त्याच्या कितीतरी वर आहे. तेव्हा पहिला कागद बाजूला ठेवा.

28,000च्या कागदात बारा एमसीबींचा डबा आहे, 40 अँपिअर, 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी आहे (ही एकटीच दोन-अडीच हजारांची), दोन्ही एसींना 4 चौरस मिलिमीटरच्या स्वतंत्र लाइनी आहेत आणि खालच्या मीटर रूमपासून तुमच्या घरापर्यंत 10 चौरस मिलिमीटरची नवी मेन वायर आहे. पैसा जातोय तो या शेवटच्या दोन गोष्टींत. तिसरा मजला, म्हणजे वीसेक मीटरचं अंतर, फेज आणि न्यूट्रल मिळून चाळीस मीटर, वर अर्थची तार. तांब्याचा भाव हलला की ही रक्कम हलते, म्हणूनच ‘भाव पंधरा दिवसांपुरता’ असं त्याने खाली लिहिलंय. त्यात लबाडी नाही.

ही मेन बदलणं मला डब्याइतकंच महत्त्वाचं वाटतं. एक गीझर आणि चार पंखे धरून त्या वेळी टाकलेली वायर आज दोन एसी ओढतेय. नवा चकचकीत डबा बसवून मागची मेन तीच ठेवली, तर तापायची जागा फक्त घरातून जिन्यात जाते. मीटरपर्यंतचा भाग महावितरणचा, मीटरनंतरचा तुमचा. तुमच्या वायरमनला मीटरच्या सीलला हात लावू देऊ नका. त्याचं काम मीटरनंतरच्या कटआउटपासून, म्हणजे तिथल्या फ्यूजपासून, सुरू होतं.

85,000 म्हणजे अख्ख्या घराचं रिवायरिंग. भिंती फोडणं, नवा पाइप, नवे स्विचबोर्ड, पॅचचं प्लॅस्टर. रंग त्यात धरलेला नाही, तो वेगळा पडेल. हे काम तुम्हाला लागेल का, ते भिंतीतल्या वायरीवर ठरेल. तुमच्या वायरमनला मेन बंद करून दोन-तीन स्विचबोर्ड उघडायला सांगा, बाथरूमजवळचा एक आणि स्वयंपाकघरातला एक नक्की. तार पांढरी दिसली तर लगेच घाबरू नका. रबरी आवरणाच्या जुन्या तांब्याच्या तारेला कल्हई केलेली असायची, तीही पांढरीच दिसते. चाकूने खरवडायचं. आत लाल निघाली तर तांबं, पांढरीच राहिली तर अ‍ॅल्युमिनियम. अ‍ॅल्युमिनियम निघालं आणि त्याला कुणी मध्येच तांब्याची तार पिळून जोडलेली असली, तर तिसऱ्या माणसाचं बरोबर आहे. तो जोड सैल होत जातो, त्यावर गंज धरतो आणि तिथेच तापतो. तुमचा किटकॅट काळा पडला तोही बहुतेक अशाच सैल जोडामुळे. प्रत्येक वेळी दोष जास्त लोडचाच असतो असं नाही.

तांबं निघालं तरी मेगर (वायरीचं आवरण शाबूत आहे का ते मोजणारं यंत्र) लावून घ्या. 500 व्होल्टच्या मेगरने प्रत्येक लाइन तपासायची, आणि रीडिंग 1 मेगाओहमच्या खाली आलं तर ती लाइन बदलायची. ज्याच्याकडे मेगरच नाही, त्याला जुन्या घराचं काम देऊ नका. हे मी कुणाची भीड न ठेवता सांगते.

आता तिन्ही कागदांत नसलेला खर्च. जुन्या घरात आरसीसीबी बसवली की पहिल्याच दिवशी ती पडते. उचलली की पुन्हा पडते. लोक म्हणतात माल खराब दिला, वायरमन वैतागून ती बायपास करतो, आणि तुमचे अडीच हजार डब्यात शोभेला बसतात. खरं कारण भिंतीत असतं. कुणीतरी कधीतरी एका सॉकेटला न्यूट्रल मिळेना म्हणून अर्थची तार जोडून दिलेली असते. किंवा इन्व्हर्टर बसवताना त्याचा न्यूट्रल घराच्या न्यूट्रलशी चुकीच्या जागी एक केलेला असतो. कधी जुन्या गीझरच्या कॉइलमधूनच गळती असते. एकेक लाइन सोडवून ते शोधायला अर्धा दिवस लागतो, कधी दोन दिवस. म्हणून आधीच विचारून ठेवा: ‘आरसीसीबी पडत राहिली तर दोष शोधायचे किती घेणार?’ याचं उत्तर सरळ देणारा माणूस दोन हजार महाग असला तरी घ्यावा.

आणि अर्थिंग. तुमच्या वयाच्या इमारतींत बऱ्याच ठिकाणी अर्थची तार पाण्याच्या लोखंडी नळाला बांधलेली सापडते. पुढे सोसायटीने नळ बदलून प्लॅस्टिकचे केले आणि अर्थ तिथेच संपलं. कुणाला कळलंही नाही, कारण अर्थ नसलं म्हणून दिवे बंद पडत नाहीत. खाली नवा अर्थिंगचा खड्डा करायचा तर साधारण पाच ते आठ हजार येतात. तो सगळ्या इमारतीच्या कामाचा असल्यामुळे सोसायटीच्या सभेत मांडा, तुमच्या एकट्याच्या अंगावर घेऊ नका.

थ्री फेजबद्दल मेहुण्यांना माझा नमस्कार सांगा. हिशेब असा: दीड टनाचे दोन एसी मिळून तीन किलोवॅट, गीझर 2, इंडक्शन 2, वॉशिंग मशीनने पाणी तापवायला घेतलं तर आणखी 2, मायक्रोवेव्ह सव्वा. बेरीज दहाच्या पुढे जाते. पण पुण्यात गीझर आणि दोन्ही एसी एकाच वेळी लावणारं घर मला अजून भेटायचंय. प्रत्यक्षात एका वेळी सहा किलोवॅट धरा, म्हणजे 26 अँपिअर. सिंगल फेजवर 40 अँपिअरपर्यंत चालतं. थ्री फेजचा स्थिर आकार दर महिन्याला जास्त, डबा महाग, आणि मीटरपासून चार तारा आणाव्या लागतात. शिवाय थ्री फेजमध्ये कधी न्यूट्रल तुटला तर काही उपकरणांवर 230च्या जागी साडेतीनशे-चारशे व्होल्टही येऊ शकतात. फ्रीज, टीव्ही, सगळं एका फटक्यात जातं. गाडी चार्ज करायचा 7.4 किलोवॅटचा चार्जर घ्यायचा विचार असेल तर गोष्ट वेगळी. तो एकटाच 32 अँपिअर ओढतो.

मात्र एक करा. वीजबिलावर ‘मंजूर भार’ किती छापलाय ते बघा. तो अजून एक-दोन किलोवॅट असेल तर महावितरणकडे वाढवून घ्या. अर्ज ऑनलाइन होतो, मंजुरीप्रमाणे शुल्क आणि सुरक्षा ठेव भरावी लागते, आणि परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागला तर तो तुमच्या वायरमनने मिळवून द्यायचा. हेही भाव ठरवतानाच बोलून घ्या.

थोडक्यात, तांबं निघालं आणि मेगर चांगला आला तर 28,000 वाल्याला काम द्या, आणि सगळं मिळून पस्तीसची तयारी ठेवा.

प्रश्न: ताई, आम्ही सदाशिव पेठेत वाड्यात भाड्याने राहतो. दोन खोल्या, लाकडी पट्टीवरचं वायरिंग. पावसाळ्यात भिंतीला हात लावला की झिणझिण्या येतात. वाडा आज ना उद्या पडणार, मालक म्हणतात ‘आता कशाला खर्च’. आम्ही किती खर्च करावा?
– एक गृहिणी, सदाशिव पेठ

उत्तर: झिणझिण्या येतात असं लिहून पुढे खर्चाचं विचारताय, वहिनी! हे पान वाचून झालं की आधी वायरमनला फोन करा. तो येईपर्यंत त्या भिंतीवरच्या लाइनचा फ्यूज काढून ठेवा, तो कोणता ते कळत नसेल तर मेनच बंद ठेवा, आणि मुलांना तिकडे फिरकू देऊ नका.

तुमच्यासाठी भिंतीबाहेर बसणारा छोटा डबा पुरे. एक आरसीसीबी, तिच्यासोबत चार एमसीबी. सामान आणि मजुरी मिळून पाच-सहा हजारांत होतं. वाडा सोडाल तेव्हा स्क्रू काढून डबा बरोबर न्यायचा, मालकांचं काही जात नाही. अर्थ नसला तरी आरसीसीबी काम करते, कारण ती फेज आणि न्यूट्रलमधला फरक बघते. पण अर्थ असेल तर गळती सुरू होताच ती पडते, आणि नसेल तर तुमचा हात लागेपर्यंत थांबते. म्हणून अंगणात अर्थिंगची प्लेट किंवा पाइप पुरायला मालकांना तयार करा. सगळे भाडेकरू मिळून सांगा. भिंतीच्या ओलीतून जाणारी लाइन मात्र तोडूनच टाका आणि तिच्या जागी कोरड्या भिंतीवरून केसिंग-कॅपिंगमधून (भिंतीवर बसवायच्या झाकणाच्या पट्टीतून) नवी न्या. रिवायरिंगवर पैसे घालू नका.

प्रश्न: एसी लावला की 16 अँपिअरची एमसीबी पडायची. वायरमनने 32ची बसवली, आता पडत नाही. ठीक आहे ना?
– एक वाचक, बिबवेवाडी

उत्तर: नाही. तुमच्या सॉकेटला 2.5 चौरस मिलिमीटरची वायर असणार. ती भिंतीत भाजून निघेपर्यंत 32ची एमसीबी गप्प बसेल. आजच परत 16ची लावा. दीड टनाचा एसी सात-आठ अँपिअरवर चालतो, मग 16 पडते कशी? त्याच लाइनवर दुसरं काहीतरी असेल, नाहीतर स्क्रू सैल असेल, नाहीतर एसीच्या कॉम्प्रेसरमध्ये बिघाड. शोधायचं ते हे.

प्रश्न: सामान तपकीर गल्लीतून स्वतः आणावं की वायरमनवर सोडावं?
– एक वाचक, धनकवडी

उत्तर: वायर आणि डब्याचं सामान स्वतः आणा, पण यादी त्याच्याकडून लिहून घ्या, मापासकट. बुधवार पेठेत दोन-तीन दुकानांत विचारलं की छापील किमतीवर किती सूट मिळते ते कळतं, आणि ती सूट भरपूर असते. ‘बिलाशिवाय घ्या, 18 टक्के वाचतील’ असं कुणी म्हणालं तर पुढच्या दुकानात जा. बिल नसेल तर आरसीसीबी बिघडल्यावर बदलून कोण देणार? वायरीचं बंडल सीलबंद घ्या, त्यावर आयएसआयची खूण आणि 90 मीटर लिहिलेलं बघून. स्क्रू, लग, टेप, क्लिपा वायरमनला आणू द्या. त्यासाठी तुम्ही दिवसभर गल्लीत खेपा घालाल आणि तो तुमच्या घरी चहा पीत बसेल, वर मजुरी पूर्ण दिवसाची.