तुमचे प्रश्न: सातबारावरचा आर म्हणजे गुंठाच का?

प्रश्न: आजोबांच्या जुन्या खरेदीखतात जमीन 2 एकर साडेअडतीस गुंठे आहे. आता सातबारा काढला तर त्यावर 1.20.00 एवढंच दिसतंय. भाऊ म्हणतो 1 एकर 20 गुंठेच राहिली, बाकीची गेली कुठे? वाटणी करायचीय, घरात वाद चाललाय.
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर: जमीन कुठेही गेलेली नाही, आधी भावाला हे वाचून दाखवा. सातबारावर शेतजमिनीचं क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर असं लिहितात, तर तुमचं 1.20.00 म्हणजे 1 हेक्टर 20 आर, एकर-गुंठे नव्हेच. 1 हेक्टर म्हणजे 100 आर, 1 आर म्हणजे 100 चौरस मीटर, म्हणजे तुमची जमीन झाली 12,000 चौरस मीटर. गुंठा असतो 101.17 चौरस मीटरचा, भागून बघा, 118.6 गुंठे येतात, 40 गुंठ्यांचा एकर धरला की 2 एकर साडेअडतीस गुंठे, आजोबांच्या कागदात आहे तेवढीच!

आता गावात सगळे आर आणि गुंठा एकच धरतात, बोलण्यापुरतं चालतं, पण खरेदीखतात नाही. एक एकर म्हणजे 40 गुंठे, आणि आरमध्ये ते होतात 40.47. घेताना एकराचे पैसे मोजले आणि कागदावर नुसतं 40 आर आलं तर जवळपास 47 चौरस मीटर, म्हणजे 500 स्क्वेअर फुटांच्या वर जागा हातची गेली, आजच्या भावात ही काय सोडून द्यायची गोष्ट आहे का? म्हणून सही करायच्या आधी आकडा हेक्टर-आरमध्येच लिहून घ्या, तोही अक्षरी.

वाटणी करताना अजून एक बघा, पोटखराब क्षेत्र सातबारावर वेगळं दाखवलेलं असतं. बांध, ओढा, खडकाळ तुकडा त्यात येतो. कोणाच्या वाट्याला ते किती जातंय हे आत्ताच ठरवा आणि मोजणी करून घ्या, नुसत्या पावलांनी मापून हद्दी टाकू नका.

आणि हो, बिनशेती प्लॉटच्या सातबारावर हेक्टर नसतो, तिथे आर आणि चौरस मीटर असतं, तो आकडा शेतीसारखा वाचू नका.