भिलार: स्ट्रॉबेरीचं गाव की पुस्तकांचं?

प्रश्न: मे महिन्यात पाचगणीला जातोय. भिलार नक्की कशासाठी फेमस आहे?

उत्तर: दोन्हीसाठी, पण आधी शेती हं! पाचगणी-महाबळेश्वर रोडवरचं हे गाव, सप्टेंबर-ऑक्टोबरात रोपं लावतात, गादीवाफ्यावर (मातीच्या उंच केलेल्या पट्ट्यावर) प्लास्टिक अंथरून, आणि डिसेंबरपासून फळ जोरात सुरू होतं, उन्हाळ्यात हंगाम संपत आलेला असतो, त्यामुळे मेमध्ये जाताय तर शेतात फारसं काही दिसणार नाही. महाबळेश्वर स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं.

पुस्तकांचं गाव ४ मे २०१७ ला सुरू झालं, सरकारी योजना खरी पण मला भारी वाटतं ते हे की लोकांनी स्वतःच्या घरातल्या खोल्या वाचकांना उघडून दिल्या, कुठे कविता, कुठे बालसाहित्य. चप्पल बाहेर काढा आणि निवांत वाचत बसा.